पांडवकड्याचं पाणी कुठे पडतं?

पनवेल तालुक्यातल्या खारघरला सेंट्रल पार्क आणि गोल्फ कोर्सच्या मागे जो डोंगर उभा आहे, त्याच्या कड्यावरून पावसाळ्यात पांडवकडा कोसळतो. उंची सुमारे १०७ मीटर, म्हणजे पस्तीसेक मजल्यांची इमारत. उन्हाळ्यात तिथे नुसता कोरडा, काळा कातळ असतो. मृगाच्या सरी झाल्या की बारीक धार सुरू होते आणि ती कातळाला अंग घासतच खाली उतरते. आषाढात दोन-तीन दिवस झड लागली, माथ्यावरचे सगळे ओहोळ भरून वाहू लागले, की तीच धार कड्याचा काठ सोडून पुढे झेपावते आणि पायथ्यापासून बरीच लांब पडते.

काठावरून पाणी हळू सुटलं आणि जोरात सुटलं, तर खाली पोचायला कोणाला जास्त वेळ लागेल? बहुतेक जण दोनपैकी एक उत्तर देतात. कोणी म्हणतं, जोराचं पाणी लांब जातं, जास्त वाट चालतं, म्हणून त्याला जास्त वेळ लागणार. कोणी म्हणतं, ते मुळातच वेगात आहे, म्हणून ते आधी पोचणार. दोन्ही उत्तरं पटण्यासारखी आहेत आणि दोन्ही चूक आहेत. हवेचा अडथळा क्षणभर बाजूला ठेवला, तर दोन्ही पाणी एकाच वेळी खाली येतं.

विश्वास बसत नसेल तर घरातल्या टेबलावर करून पाहावं. शाळेची एक फूटपट्टी आणि एक रुपयाची दोन नाणी पुरतात. पट्टी टेबलाच्या कडेवर तिरकी ठेवायची, तिचं एक टोक चार बोटं बाहेर येऊ द्यायचं. बाहेर आलेल्या त्या टोकावर एक नाणं अलगद ठेवायचं. दुसरं नाणं टेबलावरच, पट्टी आणि कड यांच्या बेचक्यात, पट्टीला टेकवून ठेवायचं. मग पट्टीच्या आतल्या टोकाजवळ बाजूने झटकन टिचकी मारायची, म्हणजे बाहेरचं टोक कडेच्या दिशेने फिरतं. टोकावरच्या नाण्याखालून पट्टी निसटते आणि ते जागच्या जागी सरळ खाली पडतं. दुसरं नाणं पट्टीच्या फटक्याने आडवं उडतं आणि चार-पाच फुटांवर जाऊन पडतं. डोळ्यांनी पाहू नये, डोळे फसतात. कानांनी ऐकावं. शहाबादी फरशी असेल तर उत्तमच. ‘टण्’ असा एकच आवाज येतो. टिचकी कमी-जास्त जोराने मारून पाहा, टेबलाऐवजी कपाटाच्या माथ्यावरून करून पाहा, आवाज एकच येणार.

शाळेत प्रक्षेप्य गती हा विषय बहुधा सूत्रांनी सुरू होतो: कोन, साइन, कोसाइन, मग पल्ल्याचं समीकरण. माझ्या मते तो या दोन नाण्यांपासून सुरू व्हायला हवा. सगळा विषय त्या एका आवाजात आहे. फेकलेल्या वस्तूच्या दोन गती असतात, एक आडवी आणि एक उभी, आणि दोघी एकमेकींच्या कामात ढवळाढवळ करत नाहीत. आडव्या दिशेने वस्तूला ओढणारं किंवा ढकलणारं कोणी नसतं, म्हणून आडवा वेग जसाच्या तसा राहतो. उभ्या दिशेने पृथ्वी ओढत असते, म्हणून उभा वेग दर सेकंदाला बदलत जातो. आडवं उडालेलं नाणं किती जोरात चाललंय याचा पृथ्वीच्या ओढीवर काहीच परिणाम होत नाही. ती दोन्ही नाण्यांना सारखीच खाली ओढते.

पृथ्वी ओढते हे आपल्याकडे जुन्या काळापासून सांगितलं गेलं आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या गोलाध्यायात पृथ्वीच्या अंगी आकर्षणाची शक्ती आहे आणि आकाशातली जड वस्तू ती आपल्याकडे खेचते, म्हणून ती वस्तू पडल्यासारखी दिसते, असं स्पष्ट म्हटलं आहे. ही समज थोर होती. पण पडणारी वस्तू पहिल्या सेकंदात किती पडते, दुसऱ्या सेकंदात किती, आणि फेकलेल्या दगडाची वाट नेमकी कोणत्या आकाराची असते, हे मोजून सांगायला गॅलिलिओ यावा लागला.

त्याची अडचण साधी होती. सरळ पडणारी वस्तू इतकी भरकन पडते की त्या काळच्या घड्याळांनी ती मोजता येत नसे. म्हणून त्याने उतरती फळी घेतली आणि तिच्यावरून गोळी घरंगळत सोडली. उतारावर पडणं मंदावतं, पण त्याचा नियम तोच राहतो. भांड्यातून बारीक धारेने पडणारं पाणी तोलून त्याने वेळ मोजली. हाती आलं ते असं: पहिल्या क्षणात गोळी जितकं अंतर जाते त्याच्या तिप्पट दुसऱ्या क्षणात, पाचपट तिसऱ्यात, सातपट चौथ्यात. एक, तीन, पाच, सात. सगळ्या विषम संख्या ओळीने. पुढे त्याने गोळी फळीवरून टेबलाच्या कडेपलीकडे आडवी उडवून ती कुठे पडते याची टिपणं केली. ती टिपणं १६०८ च्या सुमाराची आहेत, पण छापून आलं ते १६३८ साली, दोन नव्या शास्त्रांवरच्या त्याच्या ग्रंथात. आडवी गती एकसारखी, उभी गती विषम संख्यांच्या चालीने वाढणारी. दोन्ही एकत्र केल्या की जी वाट उमटते तिला भूमितीत अन्वस्त म्हणतात.

हा हिशेब पांडवकड्याला लावून पाहू. गुरुत्व त्वरण ९.८ धरायचं, म्हणजे दर सेकंदाला खालचा वेग ९.८ मीटर प्रतिसेकंदाने वाढणार. पाणी काठावरून सुटल्यावर पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडतं. दुसऱ्या सेकंदात १४.७ मीटर, तिसऱ्यात २४.५, चौथ्यात ३४.३. चार सेकंदांत ७८ मीटर उतरून झाले. उरलेले २९ मीटर पाऊण सेकंदाच्याही आत संपतात. एकूण सुमारे ४.७ सेकंद. आता आडवी गती. काठावर पाण्याचा वेग सेकंदाला एक मीटर असेल, म्हणजे माणूस रमतगमत चालतो तेवढा, तर ते कड्याच्या पायथ्यापासून ४.७ मीटर पुढे पडेल. ओढा भरून वेग तीन मीटरवर गेला तर १४ मीटर पुढे. वेळ दोन्हींना तेवढीच. अंतर मात्र आडव्या वेगाच्या सरळ प्रमाणात वाढतं. म्हणजे पायथ्याशी पाणी किती लांब पडतंय ते मोजलं की माथ्यावर ओढा किती वेगाने धावतोय याचा अंदाज खालूनच बांधता येतो.

हिशेबाने पायथ्याशी पोचताना पाण्याचा वेग ताशी १६५ किलोमीटर व्हायला हवा. प्रत्यक्षात तो तसा होत नाही, आणि इथे हवेला पुन्हा मध्ये आणावं लागतं. धबधब्याच्या एखाद्या लोंढ्यावर सुरुवातीपासून नजर ठेवून ती त्याच्याबरोबर खाली आणत गेलं की काय घडतं ते दिसतं. काठ सोडताना तो गुळगुळीत, थोडा गढूळ, अखंड असतो. वीसेक मीटर खाली त्याचा पृष्ठभाग फाटू लागतो. मग तो पांढरा होतो आणि त्याचे खाली टोक असलेले झुपके तयार होतात. प्रत्येक झुपक्याच्या मागे तुषारांची शेपटी राहते. तळाशी येईपर्यंत बऱ्याचशा पाण्याचे नुसते थेंब झालेले असतात आणि वारा त्यांना बाजूला नेतो. काठावरून सगळे एकाच वेळी निघाले, पण लोंढ्याचा मधला गाभा आधी पोचतो आणि कडेचे थेंब मागे राहतात. गुरुत्वाकर्षण सगळ्यांना सारखंच आहे, हवा मात्र सगळ्यांना सारखं अडवत नाही.

कारण असं की हवेचा रोध वस्तूच्या पृष्ठभागावर अवलंबून असतो आणि वजन तिच्या आकारमानावर. वस्तू लहान होत गेली की वजन पृष्ठभागापेक्षा फार लवकर घटतं. बारीक थेंबाला वजन जवळजवळ नाही, पण हवेला अडवायला जागा पुरेशी. शिवाय वेग वाढला की रोधही वाढतो. एक वेळ अशी येते की रोध आणि वजन बरोबरीला येतात, आणि तिथून पुढे वेग वाढायचा थांबतो. याला अंतिम वेग म्हणतात. पावसाच्या मोठ्यात मोठ्या थेंबाचा अंतिम वेग सेकंदाला नऊ मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी तीसेक किलोमीटर. दोन किलोमीटरवरच्या ढगातून निघालेला थेंब हवा नसती तर ताशी सातशे किलोमीटरने येऊन आदळला असता. कोकणातल्या पावसात माणसं शेतात भातलावणी करतात, डोक्यावर इरलं घेऊन दिवसभर वाकून उभी राहतात, ते या हवेच्या जोरावर. ती नसती तर रोपच काय, कौलंही टिकली नसती.

दगडाची गोष्ट मात्र अगदी वेगळी आहे, आणि ती नीट सांगायला हवी, कारण तिच्याशी माणसांच्या जिवाचा संबंध आहे. पांडवकड्याच्या परिसरात आजवर अनेकांचे जीव गेले आहेत आणि पावसाळ्यात तिथे जायला वनखातं बंदी घालतं. बरेच जण बंदी मोडून जातात. पाण्याखाली उभं राहिलं तर अंगाला मार लागतो पण माणूस हसत बाहेर येतो, त्यामुळे वरून जे येतंय ते सगळं असंच मऊ असेल, असा समज होतो. पाण्याबरोबर दगडही येतात. मुठीएवढ्या, दहा सेंटिमीटर व्यासाच्या काळ्या दगडाचं वजन दीड किलोच्या घरात जातं. त्याला हवा फारशी अडवू शकत नाही. १०७ मीटर पडून तो तळाशी येतो तेव्हा हवेचा रोध धरूनही हिशेबाने त्याचा वेग ताशी दीडशे किलोमीटर भरतो. सुपारीहून लहान, दोन सेंटिमीटरच्या खड्याचासुद्धा ताशी शंभराच्या वर जातो. शेजारून पडणारा थेंब त्याच वेळी तीसच्या वेगाने येत असतो.

याहून धोक्याची गोष्ट आडव्या गतीची. पुष्कळांना वाटतं, धारेपासून बाजूला, पंधरा-वीस मीटर लांब उभं राहिलं की झालं. पण दगड नेहमी काठावरून सरळ खाली येत नाही. तो मध्येच कातळाच्या बाहेर आलेल्या टप्प्यावर आपटतो आणि त्याच्या उभ्या वेगाचा काही भाग आडवा होतो. पायथ्यापासून पन्नास मीटर उंचीवर असा आपटून दगड सेकंदाला दहा मीटर वेगाने बाहेर उडाला, तर पुढच्या ३.२ सेकंदांत तो कड्यापासून ३२ मीटर लांब येऊन पडतो. दगड कुठे न आपटता सरळ आला, तर वर निखळल्यापासून खाली पोचेपर्यंत पाच सेकंदही मिळत नाहीत आणि धबधब्याच्या आवाजात तो निखळल्याचं ऐकू येत नाही.

आतापर्यंत वस्तू आडवी सुटत होती. माणूस काही फेकतो ते बहुधा तिरकं, वरच्या दिशेने. तत्त्व तेच राहतं, फक्त उभ्या गतीला सुरुवातीला वरचा वेग मिळालेला असतो. पृथ्वी तो दर सेकंदाला ९.८ ने कमी करत नेते, शून्यावर आणते, आणि मग खालच्या दिशेने त्याच हिशेबाने वाढवते. म्हणून चढ आणि उतार एकमेकांचे आरसे असतात, चढायला जितका वेळ तितकाच उतरायला. माथ्यावर वस्तू क्षणभर थांबते असं म्हणतात, पण ते सरळ वर फेकलेल्या चेंडूपुरतं खरं आहे. तिरक्या फेकलेल्या वस्तूचा आडवा वेग माथ्यावरही शाबूत असतो.

याची गंमत कैऱ्या पाडणाऱ्या पोरांना ठाऊक असते, सूत्र ठाऊक नसलं तरी. बारा मीटरवरच्या कैरीवर नेम धरून सेकंदाला वीस मीटर वेगाने दगड मारला तर तो तिथपर्यंत जायला ०.६ सेकंद घेतो. तेवढ्या वेळात पृथ्वीने त्याला पावणेदोन मीटर खाली ओढलेलं असतं. सरळ नेम धरला की दगड कैरीच्या खालूनच जाणार. म्हणून पोरं सरावाने नेम वर धरतात. आता समजा, दगड हातातून सुटला त्याच क्षणी कैरीचा देठ तुटला. मग नेम सरळ कैरीवर धरलेला असेल तर दगड हटकून कैरीला लागतो. दगड आपल्या सरळ रेषेपासून ०.६ सेकंदात पावणेदोन मीटर खाली आला, कैरीही तेवढ्याच वेळात तेवढीच खाली आली. दगडाचा वेग कमी-जास्त केला तरी दोघांची भेट होते, फक्त आधी किंवा नंतर. अट एवढीच की कैरी जमिनीवर टेकण्याआधी दगड तिथवर पोचला पाहिजे.

गोफणीत हाच खेळ जास्त जोराने होतो. ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभं राहून पाखरं उडवणारा राखणदार गोफण डोक्याभोवती फिरवतो आणि एक दोर सोडतो. पाहणाऱ्याला वाटतं, दगड फिरत होता म्हणून तो वळत जाईल. तसं होत नाही. दोर सुटताच दगड त्या क्षणीच्या स्पर्शिकेच्या दिशेने सरळ निघतो, कारण त्याला वर्तुळात धरून ठेवणारा ताण संपलेला असतो. तिथून पुढे तो पृथ्वीच्या ताब्यात. दोर कधी सोडायचा, हेच गोफणीचं सगळं कसब.

पल्ला सर्वांत जास्त कोणत्या कोनात मिळतो, हा प्रश्न खरं तर तोफखान्याने विचारला. १५३७ साली तार्तालिया या इटालियन गणितज्ञाने ४५ अंश असं उत्तर दिलं, पण ते का, हे त्याला दाखवता आलं नाही. गॅलिलिओच्या अन्वस्तातून ते आपोआप निघालं. कोन लहान ठेवला तर आडवा वेग भरपूर पण गोळा हवेत थोडाच वेळ राहतो. कोन मोठा केला तर हवेत वेळ भरपूर पण आडवा वेग तोकडा. दोन्हींचा गुणाकार ४५ अंशांवर सर्वांत मोठा होतो. त्याच हिशेबातून आणखी एक गोष्ट बाहेर आली, आणि मला ती ४५ अंशांपेक्षा जास्त मोलाची वाटते: ४५ च्या खाली जितके अंश आणि वर जितके अंश, त्यांचा पल्ला सारखाच असतो. एकाच ठिकाणी पोचायच्या दोन वाटा असतात, एक सखल आणि एक उंच.

सेकंदाला शंभर मीटर वेगाने गोळा सोडला असं धरू. ३० अंशांत तो ८८४ मीटर जातो, ६० अंशांतही ८८४ मीटरच. पण ३० अंशांत तो जेमतेम १२८ मीटर उंच चढतो आणि दहा सेकंदांत पोचतो. ६० अंशांत तो ३८३ मीटर चढतो, पावणेअठरा सेकंद घेतो, आणि लक्ष्यावर आकाशातून येतो. किल्ल्याचा तट समोरून येणाऱ्या गोळ्यासाठी बांधलेला असतो. डोक्यावरून येणाऱ्याला तो काय अडवणार? यासाठीच आखूड नळीची, तोंड वर केलेली उखळी तोफ असायची.

पनवेल परिसराने आणि सबंध रायगड जिल्ह्याने या दुसऱ्या वाटेचा परिणाम भोगला आहे. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात कर्नल प्रॉथरच्या फौजेने १८१८ च्या जानेवारीत पनवेलजवळचा कर्नाळा घेतला. मार्चमध्ये त्याच फौजेने कोरीगडावर मारा केला. गडावरचं दारूकोठार पेटलं आणि गड पडला. एप्रिलच्या अखेरीस ती रायगडाखाली आली. दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नी वाराणसीबाई तेव्हा गडावर होत्या. रायगडाचा कडा चढून जाणं अशक्य होतं, समोरून तोफा डागून त्याला भगदाड पाडणंही निरर्थक होतं. पण आजूबाजूच्या डोंगरांवरून उखळी तोफांचे गोळे कड्याच्या वरून आत पडू लागले. हे गोळे भरीव नसत. आत दारू भरलेली असे आणि एक वात लावलेली असे. गोळा किती सेकंद हवेत राहील याचा हिशेब करून ती वात तेवढ्या लांबीची कापावी लागे. आखूड कापली तर गोळा वाटेतच फुटणार, लांब राहिली तर पडून राहणार आणि तो विझवायला वेळ मिळणार. गडावर आग लागली, राजवाड्याचं लाकूडकाम जळालं. आज रायगडावर वाड्यांचे जोते दिसतात, वरचं लाकूड दिसत नाही, त्याचं एक कारण ही आग आहे. शिवाजी महाराजांच्या राजधानीचं एवढं मोठं नुकसान एका भौमितिक वक्राच्या उंच बाजूने झालं, हे वाचताना अजूनही जीव कळवळतो.

उखळी तोफांचे गोळे जड आणि मंद असत, म्हणून अन्वस्ताचा हिशेब तिथे बराचसा जुळायचा. बंदुकीच्या गोळीला तो अजिबात जुळत नाही. हे मोजून दाखवलं बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने, १७४२ च्या आपल्या ग्रंथात. त्याने टांगलेल्या लाकडी लंबकात गोळी मारली आणि लंबक किती मागे झुलला यावरून गोळीचा वेग काढला. बंदूक वेगवेगळ्या अंतरांवर ठेवून तोच प्रयोग केल्यावर हवेत गोळीचा वेग किती वेगाने गळतो ते उघड झालं. बंदुकीतून नुकत्याच सुटलेल्या गोळीला हवेचा रोध तिच्या वजनाच्या शंभरपटीहून जास्त असतो. ४५ अंशांत मारलेली अशी गोळी अन्वस्ताच्या हिशेबाने सत्तावीस किलोमीटर जायला हवी. ती जाते किलोमीटरभर. हा रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य इंजिनिअर म्हणून हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात तापाने वारला.

खेळाच्या मैदानावर ४५ अंशांचा नियम आणखी एका कारणाने ढळतो. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्याचे सचिन खिलारी यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकीच्या एफ-४६ गटात १६.३२ मीटर फेक करून रौप्यपदक मिळवलं. गोळा हवेत जेमतेम दीड-पावणेदोन सेकंद असतो आणि जड असतो, त्यामुळे हवा इथे नगण्य आहे. पण तो जमिनीवरून सुटत नाही, खांद्याच्या वरून, दोनेक मीटर उंचीवरून सुटतो. खाली उतरायला जास्तीची उंची आयतीच मिळाल्यामुळे उत्तम कोन ४५ वरून ४२ च्या आसपास येतो. त्यात शरीराची रचना आणखी भर घालते: वर ढकलताना गोळ्याचं वजनही उचलावं लागतं आणि दंड-छातीचे स्नायू पुढच्या दिशेने जास्त जोर लावू शकतात, म्हणून कोन कमी ठेवला की सुटतानाचा वेग वाढतो. पल्ला वेगाच्या जवळजवळ वर्गाच्या प्रमाणात वाढतो, तेव्हा दोन-चार अंशांचा तोटा सोसूनही वेग मिळवणं परवडतं. चांगले गोळाफेकपटू त्यामुळे पस्तीस ते अडतीस अंशांच्या दरम्यान फेकतात. १६ मीटरच्या पुढे जायला गोळा हातातून सेकंदाला बारा मीटरच्या आसपास वेगाने सुटावा लागतो.

आता वेग वाढवतच नेला तर? न्यूटनने हा विचार केला. फार उंच डोंगराच्या माथ्यावर तोफ आडवी ठेवा. गोळा जितका वेगवान, तितका तो लांब जाऊन पडणार. पण पृथ्वी सपाट नाही. गोळा पहिल्या सेकंदात ४.९ मीटर खाली येतो. आपण वर काढलेला हा आकडा आडवा वेग कितीही असला तरी बदलत नाही. आणि पृथ्वीचा पृष्ठभाग दर ७.९ किलोमीटरला नेमका ४.९ मीटर खाली वळतो. पनवेल स्टेशनापासून खारघर स्टेशनापर्यंत सरळ रेषेत साधारण तेवढंच अंतर आहे. म्हणजे गोळ्याने सेकंदाला ७.९ किलोमीटर वेग गाठला, हवा नसली, तर तो एका सेकंदात जितका पडेल तितकीच जमीन त्याच्याखालून वळलेली असेल. तो सतत पडत राहील आणि जमिनीला कधीच टेकणार नाही. अवकाशस्थानकातले अंतराळवीर तरंगतात ते गुरुत्वाकर्षण संपलं म्हणून नव्हे. चारशे किलोमीटर उंचीवर ते जमिनीवरच्या सुमारे नव्वद टक्के असतंच. ते आणि त्यांचं स्थानक एकाच वेगाने पडत असतात, दगड आणि कैरी पडत होते तसेच.

हे अंतराळात नेऊन करून दाखवायला आपल्याला दोन प्रयत्न लागले. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून एसएलव्ही-३ हे भारताचं पहिलं उपग्रह प्रक्षेपणयान उडालं. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणातल्या झडपेत बिघाड झाला आणि आवश्यक तो वेग न गाठताच ते पाचेक मिनिटांनी बंगालच्या उपसागरात पडलं. त्याच वर्षी वसंत गोवारीकर तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक झाले होते. या यानाचे चारही टप्पे घन इंधनावर चालणारे, आणि घन इंधन हा गोवारीकरांचा हातखंडा विषय. १८ जुलै १९८० रोजी तशाच यानाने ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. उंच चढण्यासाठी रॉकेटला जे इंधन लागतं त्याहून कितीतरी जास्त इंधन हा आडवा वेग मिळवण्यात खर्च होतं, आणि शेवटचा टप्पा पेटतो तेव्हा यान जवळजवळ आडवंच झालेलं असतं.